‘वैतरणा’ आणि आपल्या वंशावळी

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या आपल्या मराठी घरांतून ‘विजळी’ या बोटीचे नाव अनेकांच्या कानांवरून गेले असेल. सौराष्ट्रातील लोकगीताने ही बोट हाजी कासमच्या नावावर करून टाकली आहे. कागदोपत्री मात्र ती मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ होय. विजेचे दिवे असल्यामुळे लोकांनी तिला ‘विजळी’ म्हटले. सरकारी दप्तरांत ‘विजळी’ शोधणाऱ्यास म्हणूनच काही हाती लागत नाही; त्याने ‘वैतरणा’ शोधावी.

8 नोव्हेंबर 1888 रोजी, गुरुवारी, ती कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. वाटेत द्वारकेस आणखी उतारू चढले. वादळी हवेमुळे पोरबंदरला तिला थांबता आले नाही आणि मांगरोळच्या किनाऱ्यानजीक ती कुठे तरी नाहीशी झाली. एक फळीही पुढे सापडली नाही. जवळजवळ साडेसातशे माणसे गेली; दंतकथांनी हा आकडा तेराशेपर्यंत नेला आहे. पुरेशा जीवरक्षक नौका नव्हत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. ‘गुजरातचे टायटॅनिक’ हे तिचे हल्लीचे बिरुद मला रुचत नाही. टायटॅनिक 1912 साली बुडाली, ही तिच्या चोवीस वर्षे आधी.

या कथेशी बडोद्याचा संबंध द्वारकेमुळे येतो. ओखामंडळ गायकवाडांचे होते, आणि द्वारकेपर्यंत तेव्हा आगगाडी नव्हती. यात्रा आटोपून आगबोटीने मुंबईस उतरणे हा सोयीचा मार्ग होता.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरात असे सांगत की, पणजोबांचे धाकटे बंधू द्वारकेच्या यात्रेस गेले ते 1889 साली ‘विजळी’त बुडाले. जुन्या चोपडीत ‘संवत 1945, कार्तिक’ एवढेच लिहिलेले होते. वर्ष जुळेना म्हणून धाकटी पिढी सगळी कथाच खोटी ठरवू पाहत होती. वास्तविक गुजराती संवत दिवाळीनंतर पालटतो. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यातून 57 वजा करावे लागतात, त्यानंतर 56. कोणीतरी सरसकट 56 वजा केले होते. संवत 1945 चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर 1888, आपला शके 1810. बोट निघाली ती कार्तिक शुद्ध पंचमीस.

परंतु महिना जुळला म्हणजे माणूस बोटीत होता असे ठरत नाही. येथे मला त्या घराच्या श्राद्धतिथीने थांबवले. श्राद्ध होते कार्तिक अमावास्येस. मृत्युतिथी अज्ञात असेल तर त्या महिन्याची अमावास्या धरावी, असा आपला धर्मशास्त्रीय संकेत आहे. म्हणजे बोट कोणत्या दिवशी गेली हे जगजाहीर असूनही घरच्यांनी ती तिथी स्वीकारली नाही. ते बोटीत होतेच, अशी त्यांची खात्री नसावी.

त्यांच्या मागे तरुण पत्नी होती. 1872 च्या पुरावा कायद्याने सात वर्षे वार्ता न आलेला मनुष्य मृत मानता येई. रूढीप्रमाणे बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावयाचा. तिने बारा वर्षे कुंकू लावले, असे घरात सांगतात. कायद्याची मुदत संपल्यानंतरची ती पाच वर्षे कोणत्या दप्तरात शोधावीत?

कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लोकगीत टाकून देऊ नये, त्याला साक्षीदारही समजू नये. वृत्तपत्रे, मुंबईचे अभिलेखागार, बडोदे संस्थानची दप्तरे जरूर पाहावीत. पण तीर्थोपाध्यायांच्या वह्या मला याहून मोलाच्या वाटतात. आलेल्या यजमानाचे नाव, गाव, बापआजे त्यांत लिहिलेले असतात. नाशिक-त्र्यंबकच्या वह्या आपण पाहतो. द्वारकेस हे काम गुगळी ब्राह्मणांकडे आहे.

त्या घरच्या वंशावळीत मी सध्या ‘कार्तिक शके 1810 नंतर वार्ता नाही’ एवढेच लिहावयास सांगितले आहे. ‘विजळीत बुडाले’ हे शब्द पेन्सिलीने, कंसात. येत्या कार्तिकात माझा विद्यार्थी द्वारकेस जाणार आहे. यजमान तेथे पोहोचल्याची नोंद मिळाली, तर तिची तिथी कोणती, हे तो प्रथम पाहील. ती पंचमीनंतरची निघाली तर कंसातले शब्द पुसावे लागतील.