नेनाची पहिली एकल ध्वनिमुद्रिका

१९८३ साली नव्याण्णव फुग्यांच्या एका युद्धविरोधी गीताने पश्चिम जर्मनीची सरहद्द ओलांडून थेट अमेरिकेपर्यंत मुलूखगिरी केली, तेव्हा ते गाणाऱ्या, हागेन शहरी जन्मलेल्या तरुण गायिकेचे नाव आणि तिच्या रॉक वाद्यवृंदाचे नाव एकच होते, ते म्हणजे नेना. १९८७ मध्ये तो वृंद विसर्जित झाला. पुढे तिचे पहिले अपत्य वर्षाचे होण्याआधीच निवर्तले. आणि या दुहेरी वियोगानंतर, १९८९ साली, तिने आपली पहिली एकल ध्वनिमुद्रिका रसिकांच्या हाती दिली. त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'वुंडर गेशेन', अर्थात 'चमत्कार घडतात'. त्याच नावाचे तिचे शीर्षकगीत नेनाने स्वतःच लिहिले होते, आणि इतक्या दुःखानंतर असे शीर्षक योजणाऱ्या मनाविषयी मला नितांत आदर वाटतो.

योग असा की, त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत खुली झाली आणि अवघ्या तीन दिवसांनी, पश्चिम बर्लिनच्या डॉइचलांडहाले या विशाल सभागृहात, त्या आनंदाप्रीत्यर्थ तातडीने योजिलेल्या जलशात, जो कॉकर, उडो लिंडेनबर्ग अशा नामवंतांच्या पंक्तीत उभे राहून नेनाने हेच गीत गायिले. एका स्त्रीच्या अंतरीची ती आशा अठ्ठावीस वर्षे दुभंगलेल्या नगरीला आपलीच वाटली. २००२ साली नेनाने आपली जुनी गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली, त्या संग्रहातही 'वुंडर गेशेन'ला स्थान मिळाले.