शेअर केलं, पुढे काय?

सबमिशन, मेसचं बिल, "अभ्यास कसा चाललाय?" म्हणून घरचा फोन. त्यात रात्री एक वाजता कुणाची तरी स्टोरी: "गप्प बसलात, म्हणजे तुम्हाला फरकच पडत नाही." मला हे पटत नाही.

ऑगस्ट २०२४ आठवा. एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला. पोस्टमुळे विषय पसरला, पण मुलं पुण्यात शास्त्री रस्त्यावर रात्रीही बसून राहिली, तेव्हा एमपीएससीने परीक्षा पुढे ढकलली.

म्हणून एकच प्रश्न धरा. खात्री करून शेअर करा, जमेल ते प्रत्यक्ष करा. मग फोन बाजूला ठेवून निवांत झोपा. मन फारच जड झालं, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत.

भेटूया पुढच्या भागात!