पांढऱ्या पट्ट्यांची वाट

अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन डोंगरांतून जॉर्जिया ते मेन अशी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट जाते. वाटेत चौदा राज्ये, सरकारी जंगले आणि मध्येच एखाद्या गावाचा भर रस्ता. बेन्टन मॅकाय यांनी ती १९२१ साली सुचवली, १९३७ मध्ये ती पुरी झाली. मी तिथे कधी पाऊल ठेवलेले नाही. पण एम्मा गेटवुड या बाईंपायी तिचा नकाशा कितीदा तरी उलगडला आहे.

एम्माबाई अकरा मुलांच्या आई. नवऱ्याचा मार सोसत संसार ओढला, अखेर घटस्फोट घेतला. एका मासिकात या वाटेबद्दल वाचून १९५४ साली निघाल्या. मेनच्या रानात चुकल्या, चष्मा फुटला, वनरक्षकांनी घरी धाडले. पुढच्या वर्षी, सदुसष्टाव्या वर्षी, पुन्हा निघाल्या. पायांत कापडी बूट, खांद्यावर हाताने शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. मुलांना एवढेच सांगितले, जरा चालायला जाते!

कुणी जेवू घातले, कुणी दारातूनच परत लावले. वाट नीट राखलेली नाही, हेही त्यांनी पत्रकारांना ठणकावून सांगितले. सप्टेंबरात त्या काटाडिन शिखरावर पोहोचल्या. ही सबंध वाट सलग, एकटीने चालणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पूर्वी ही वाट बरीचशी खासगी जमिनीतून, मालकाच्या मर्जीवर जाई. १९६८ साली कायदा झाला, जमिनी घेतल्या गेल्या. राखण मात्र आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात. झाडावर सहा इंची पांढरा पट्टा रंगवायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचे. मला, कवीला, त्यांचा हेवा वाटतो. पट्ट्याखाली सही नसते.