रुसलेले जनित्र

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब उन्मळून पडले व कितीतरी घरे अंधारात बुडाली. अशाच वेळी अडगळीतील लहानशा पेट्रोल-जनित्राची आठवण होते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण यंत्र काही जागे होत नाही. वास्तविक त्याच्या गरजा मोजक्याच : स्वच्छ इंधन, हवा, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. यांपैकी काय उणे आहे, ते क्रमाने शोधावयाचे.

प्रथम जनित्र सपाट जागी ठेवून जोडलेली उपकरणे काढावीत. कळ चालू आहे ना, इंधनाची तोटी उघडी आहे ना, थंड इंजिनाचा चोक लावला आहे ना, हे पाहावे. नंतर वंगणाची पातळी तपासावी. अनेक जनित्रांत तेल कमी होताच ठिणगी तोडणारी योजना असते. यंत्र कलते असले तरी ती आड येते.

मग संशय पेट्रोलवर घ्यावा. महिनोन्महिने साठविलेले पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओल शोषून घेते आणि पाणी फार झाले की त्यासह तळाशी उतरते. म्हणून टाकी व कार्ब्युरेटरचा तळ रिता करून ताजे पेट्रोल भरावे.

पुढे स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल, तर ते अती झाले आहे. ओला प्लग पुसून, चोक काढून, थोड्या वेळाने पुन्हा यत्न करावा. काजळी खरवडावी. फट बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते; तथापि पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. हवेच्या गाळणीतील स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. दोरी अगदी सैल येत असेल, तर दाब गेला आहे. ते काम कारागिराचे.

यंत्र सुरू झाले की खरी दक्षता सुरू होते. पाऊस लागतो म्हणून ते पडवीत किंवा खिडकीखाली आणू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेले माणूस झोपेतच दगावते. तसेच जनित्राची तार घरातील प्लगमध्ये खुपसू नये. ती वीज उलट रोहित्रात शिरून हजारो व्होल्टची होते आणि आपल्याचसाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण घेते. जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, जाणकाराकडून करवून घ्यावी.

आणि महिन्यातून एकदा, वीज असतानाच, हे जनित्र दहा मिनिटे चालवून पाहावे. पुढे बराच काळ ते लागणार नसेल, तर पेट्रोल काढूनच ठेवावे.