पाठ बघतो, मनही बघूया
(प्रभागसंघाच्या सभेतील मनोगत)



झाडावरून, गाडीवरून पडून मज्जारज्जूला इजा झाली, की माणूस अंथरुणाला खिळतो. आपण दर २ तासांनी कूस बदलतो, जखम होऊ नये म्हणून पाठ बघतो. ते हवंच. पण मनाचं काय?

कालपर्यंत घर चालवणारं माणूस आज लघवीसाठीही दुसऱ्यावर अवलंबून. चिडणारच. पण बोलणं तोडलं, जेवण सोडलं, “मी ओझं झालोय” म्हणू लागलं, तर ते दुखणं समजा. “मरावंसं वाटतं का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, मन मोकळं होतं. ‘हो’ म्हणालं, तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, १४४१६ या टेली-मानस नंबरवर फोन करा. मोफत आहे, २४ तास चालू असतो.

बियाणं कोणतं घ्यायचं, हे त्यांनाच विचारा. वहीचा हिशोब त्यांच्याकडे द्या. पाय गेले, अक्कल नाही गेली.

आणि सेवा करणारी आपली ताई? ती गटाच्या मीटिंगला येत नाही म्हणून दंड लावू नका. पाळीपाळीने एकीने तासभर तिच्या घरी बसा, तिला मीटिंगला पाठवा. बचत पैशाचीच असते असं थोडंच आहे?