मोबाईल खिशात ठेवा



मागच्या महिन्यात आम्ही तिघं मित्र जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि एका गाईडसोबत कामाठीपुऱ्यात पायी फिरलो. तो सांगत होता, तेलंगणाकडून बांधकामाला आलेले कामाठी मजूर इथं राहिले, म्हणून हे नाव. जवळच्या फॉकलंड रोडला आता शाहीर पठ्ठे बापूरावांचं नाव आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) याच वस्तीतला.

तेवढ्यात मित्रानं मोबाईल वर केला. दारातल्या बाईनं पदर तोंडावर ओढला. "काय रे, जत्रा भरलीय का इथं?" त्याचा हात खाली आला, अन् माझी मान.

अ‍ॅमस्टरडॅमनं २०२० पासून अशा बायांच्या खिडक्यांसमोरून टूर न्यायला बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२२ मध्ये बजावलं, की त्यांनाही सन्मानानं जगायचा हक्क आहे आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये.

मग जायचं की नाही? इतिहास ऐकायला जरूर जा. पण ते कुणाचं तरी घर आहे. आपल्या दारात कुणी असा कॅमेरा धरला तर चालेल का?

भेटू पुढच्या भागात!