वनस्पतींची वही कोणाच्या हातात?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ज्याचा जन्म अर्थशास्त्र शिकवण्यात गेला त्याने वनस्पतींच्या पुस्तकांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय फुलापानांचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मालकीचा आहे. जमीन कोणाची आणि पाणी कोणाचे, हे प्रश्न आपल्या चळवळीने पूर्वीपासून विचारले. तानसा, वैतरणा आणि भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांनी मुंबईची तहान भागवली आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती आपण सभासभांतून मांडतो. झाडापाल्याविषयीच्या ज्ञानाची कथा या पाण्याहून वेगळी नाही. तेही इथूनच गेले आणि इथल्या माणसाच्या हाती फारसे उरले नाही. ते कसे गेले आणि आज आपण काय करू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्या किनारपट्टीच्या वनस्पतींवरील छापील ग्रंथांची परंपरा जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पुढे कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. त्यात एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. ज्यांनी ही माहिती पुरवली त्यांची प्रमाणपत्रे पहिल्या खंडात त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचे १६७५ सालचे पत्र नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत आहे. इट्टी अच्युतन या ईळव वैद्याचे पत्रही तिथे आहे. ताडी काढणारी म्हणून हिणवली गेलेली ही जात. तिच्यातल्या एका वैद्याचे ज्ञान युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचले आणि त्याचे नाव शाबूत राहिले. रानात हिंडून फांद्या, फुले, फळे आणून देणाऱ्या माणसांची नावे मात्र त्या ग्रंथातही नाहीत. वैद्यापर्यंत सौजन्य पोहोचले, मजुरापर्यंत पोहोचले नाही.

पुढे इंग्रजी अमलात ते वैद्यापर्यंतही पोहोचेनासे झाले. १८६१ साली डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तो पायाभूत ग्रंथ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ पासून इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते आणि डालझेल यांनी त्यांच्यानंतर तेच पद सांभाळले. या दोघांच्या विद्वत्तेविषयी मला आदरच आहे. परंतु ज्या हाताने झाडांचे वर्गीकरण केले त्याच हाताने जंगल राखीव करण्याचा कारभार चालवला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. कोणते झाड कोठे आणि किती आहे हे कळल्याशिवाय सरकारला त्यावर हक्क सांगता येत नाही. जहाजांना आणि रेल्वेला लाकूड हवे होते. झाडांची यादी ही एका अर्थाने मालमत्तेची यादीच होती.

१८७८ च्या वनकायद्यानंतर त्याचा चटका ठाणे जिल्ह्याला बसला. आपल्याकडे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजतात. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून पेटवायचे आणि पहिल्या पावसावर तिथे बी टाकायचे, हा राब. वनखात्याच्या दृष्टीने तो जंगलाचा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यावाचून रोप उभे राहत नव्हते. तण जळते, राखेचे खत मिळते, रोप जोमदार येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राबाचा प्रश्न त्यात केंद्रस्थानी होता. एका बाजूला छापील पुस्तक, दुसऱ्या बाजूला न लिहिलेले शास्त्र आणि मध्ये सरकारी शिक्का, असा तो सामना होता. शिक्का ज्या बाजूला होता तिचे जंगल झाले, हे सांगायला नको.

कातकरी समाजाचे उदाहरण याहून कठोर आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. वनकायद्याने खैरावर कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरला आणि धंदा गेला. नाव तेवढे राहिले. धंदा गेलेला माणूस कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर उचल घेऊन राबू लागला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपल्याचे जाहीर झाले. ती प्रत्यक्षात संपवण्यासाठी या जिल्ह्यात संघटनांना किती झुंजावे लागले, ते आपण जाणता. एका झाडावरचा हक्क जाणे आणि माणूस गहाण पडणे यांत किती थोडे अंतर असते, ते इथे दिसते.

आता आपल्या मराठी पुस्तकांकडे वळू. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, डॉ. शरदिनी डहाणूकरांची ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’, मारुती चितमपल्लींचे लेखन, श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीच्या फुलांवरील पुस्तके, या सर्वांनी मराठी वाचकाला डोळे दिले. कार्यकर्त्यांनी ही पुस्तके अवश्य वाचावीत. फुलांकडे पाहणे ही रिकामटेकड्यांची हौस आहे, असे मानणारा समाजवादी मला अपुरा वाटतो. परंतु पुस्तक आणि कॅमेरा घेऊन माळशेजला कारवीचा फुलोरा पाहायला जाणारा वाचक आणि त्याच कारवीच्या काठ्यांनी घराचा कूड विणणारा ठाकर, यांचे झाडाशी असलेले नाते एक नाही. एकाला ती सात-आठ वर्षांनी फुलणारी नवलाई, दुसऱ्याला ती भिंत. दोन्ही नाती खरी आहेत. आपल्या ग्रंथालयांत एकच पोहोचले, ही उणीव आहे.

शेवळाचे पाहा. पहिल्या सरी पडल्या की शेवळ जमिनीतून वर येते. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया ते कल्याण-ठाण्याच्या बाजारात नेऊन वाट्यावर विकतात आणि सोबत काकडाची आंबट फळे ठेवतात. शेवळ नुसते खाल्ले तर घसा खाजतो. काकडाच्या रसाने ती खाज मरते. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात शेवळ एका कुळात आणि काकड दुसऱ्या कुळात, शेकडो पानांच्या अंतरावर. त्या दोहोंना एका पाटीत आणले ते बाईच्या ज्ञानाने. असे ज्ञान टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, करटोली यांच्याबाबतीतही आहे: कोणता कोंब कोवळा असताना खुडायचा, कोणता कंद किती पाण्यात उकळायचा. बाजारात तिला भाजीची किंमत मिळते. ज्ञानाची किंमत मोजण्याचे माप आपल्या अर्थशास्त्राने अजून बनवलेले नाही.

इथे एक इशारा देतो. लोकांचे म्हणून सर्व ज्ञान बरोबर, असे मी म्हणत नाही. सर्पदंशावर मुळी उगाळत बसल्याने माणूस दगावतो. तिथे दवाखाना आणि प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. एका गावात एका झाडाचे जे नाव, तेच पलीकडच्या गावात दुसऱ्याच झाडाचे असते. म्हणून शास्त्रीय नाव लागतेच. विज्ञाननिष्ठा हा आपल्या विचाराचा गाभा आहे. म्हणूनच दोन्ही ज्ञाने एका वहीत आणून पारखावीत, असा माझा आग्रह आहे.

ती वही कायद्याने दिलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. अनेक वर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा दहा लाख रुपयांच्या भरपाईची तंबी दिली. सरकारी कामाला अशी मुदत पडली की वही कशी भरली जाते, हे आपणांस ठाऊक आहे. दुसरा आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा आणि त्यावरील मालकीचा हक्क तो देतो. शिवाय जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही मान्य करतो. परंतु २०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला राज्य मंडळाकडे पूर्वसूचना देण्याच्या व लाभाचा वाटा देण्याच्या बंधनांतून सवलत मिळाली. जे ज्ञान मान्य ग्रंथांत आहे ते खुले; जे कातकऱ्याच्या तोंडी आहे त्याचाच काय तो वाटा. ते तोंडी ज्ञान कोणाचे, हे सांगणारा कागद गावाजवळ नसेल, तर वाटा कोणाच्या नावाने मागणार?

हा प्रश्न पुस्तकी नाही. याच शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवण्याचे काम उभे केले. केंद्राच्या वनधन योजनेचा त्याला आधार मिळाला आणि करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी वाढली. हे यश अभिमानास्पद आहे. मजुरीवर राबणारा माणूस पुरवठादार झाला. परंतु कच्चा माल विकणारा कच्चाच राहतो, हा वसाहतीच्या अर्थकारणाचा धडा आहे. पुढचे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. चूर्ण आणि काढा इथेच का बनू नये? बुंधा राखून वेल तोडली तर ती पुन्हा फुटते. दर वाढल्यावर ती राखली जाईल, याचा नियम ग्रामसभा करणार की व्यापारी? भाई कोतवालांनी माथेरान-कर्जतच्या पट्ट्यात गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी ते सिद्धगडावर, म्हणजे मुरबाडच्याच रानात, हुतात्मा झाले. त्यांच्या कोठीमागचा विचार आज वनोपजाला लावता येईल.

तेव्हा तीन कामे सुचवतो. पहिले, प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही मागून घ्यावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. त्यात शेवळ आहे का, काकड आहे का, हे गावातल्या म्हाताऱ्या बायांनाच विचारावे. दुसरे, जी नोंद नव्याने होईल तिच्यापुढे सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, लिहावे. आणि जे गुपित ठेवायचे आहे ते न लिहिण्याचा त्याचा अधिकार मानावा. तिसरे, आश्रमशाळेतील मुलांना ही वही अभ्यासाला द्यावी. आपल्या आजीला जे येते ते शास्त्राचा भाग आहे, हे मुलाला शाळेत कळले, तर शिकण्यासाठी त्याला आजीची लाज बाळगावी लागणार नाही.

नामांतरावर, आरक्षणावर, धरणांवर आपण मोर्चे काढले. या कामाला मोर्चा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि पावसाळ्यातले चार महिने लागतात. ते देण्याची तयारी करून आपण इथून उठावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.